‘लव्ह स्पून’ आणि त्यावरील खुणा

वेल्समधील ‘लव्ह स्पून’ या कोरीव लाकडी चमच्याला मराठीत ‘प्रेमचमचा’ म्हणावे काय, आणि त्याच्या दांड्यावर पिंजऱ्यात कोरलेल्या गोळ्यांचा अर्थ ‘हव्या असलेल्या मुलांची संख्या’ असा द्यावा काय, असे एका वाचकाने विचारले आहे.

वेल्श नाव ‘ख्लुय गारी’ असे काहीसे उच्चारले जाते. त्यातील क्रियापद मुळात ‘कारी’. आधी चमच्यासाठीचा स्त्रीलिंगी एकवचनी शब्द आल्यामुळे ‘क’चा ‘ग’ झाला आहे. प्रेम करणे याबरोबरच लग्नापूर्वीचा अनुनय असाही त्याचा अर्थ होतो, आणि हा चमचा तरुणाने मनात भरलेल्या मुलीला देण्यासाठी कोरायचा असल्यामुळे येथे तोच नेमका बसतो. ‘प्रेमचमचा’त ती छटा उतरत नाही, शिवाय पुढाऱ्यांभोवतीचे चमचे आठवतात ते वेगळेच. तेव्हा ‘लव्ह स्पून’ हेच रूप ठेवून एकदा खुलासा करावा.

हृदय, लग्नाची घंटा, घोड्याची नाल या खुणा सहज कळतात. चाकातून ‘तुझ्यासाठी कष्ट उपसेन’ हे सुचवले जाते, किल्ली-कुलपातून घराची व सुरक्षिततेची हमी, तर जहाजाच्या नांगरातून एके ठिकाणी स्थिरावण्याची तयारी. गोळ्यांचे मात्र दोन अर्थ सांगतात: एक मुलांचा, दुसरा बंदिवान झालेल्या प्रेमाचा. हे गोळे बाहेरून घातलेले नसतात. सिकॅमोरसारख्या घट्ट पोताच्या एकसंध लाकडात चौकोनी दांड्याला चारही बाजूंनी फटी पाडायच्या, कोपऱ्यांचे चार खांब राखायचे आणि आतला गाभा चाकूने गोलाकार करत सुटा करायचा, अशी ती रीत आहे; हात जरा घसरला की खांब तुटलाच. माझ्या मते या खुणेत आशयापेक्षा कसबाचे प्रदर्शन अधिक आहे, आणि एकाच लाकडातून काढलेल्या साखळीबद्दलही तेच म्हणता येईल.

कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स येथील संग्रहालयात १६६७ साल कोरलेला असा चमचा आहे, म्हणजे प्रथा जुनीच. परंतु आज दुकानात चमच्यासोबत मिळणारी अर्थांची ठरीव यादी बरीचशी अलीकडची आहे. त्यामुळे ‘गोळ्यांचा अर्थ मुलांची संख्या असा आहे’ असे ठाम विधान न करता ‘गोळे हे मुलांचे, तर काहींच्या मते बंदिवान प्रेमाचे प्रतीक मानले जातात’ अशी वाक्यरचना करावी.