फिजिओथेरपी सहायकाच्या कामाला सुरुवात करताना

नागपुरात फिजिओथेरपी सहायक म्हणून तुम्ही रुजू होत आहात, म्हणून सर्वांत आधी हे सांगतो की अर्धांगवायूच्या रुग्णाला उठवताना त्याचा दुबळा हात कधीही ओढू नका, कारण स्नायूंचा आधार गेलेला खांदा सांध्यातून सहज निसटू शकतो. त्याच बाजूला उभे राहून रुग्णाच्या कमरेला बांधलेला पट्टा धरून आधार द्या. माझ्याकडून ही चूक झाली होती, आणि त्या आजोबांचा कळवळलेला चेहरा मी विसरलेलो नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना एसटीने आलेल्या रुग्णाला उभे करण्यापूर्वी रक्तदाब तपासा. उपचाराचा आराखडा फिजिओथेरपिस्टच ठरवतात. मात्र रुग्ण आज किती पावले चालला आणि कुठे अडखळला, हे तुम्हीच जवळून पाहता, त्यामुळे ते रोज लिहून त्यांना कळवा.