भेदभावाचा पहिला दावा मांडताना

दिव्यांग कर्मचाऱ्याच्या वतीने पहिलाच अर्ज तयार करत असाल, तर संविधानाच्या अनुच्छेद 14 वर पानेच्या पाने लिहिण्याआधी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 उघडा; समानतेचे सर्वसाधारण तत्त्व न्यायाधीश आदराने ऐकून घेतात, पण आदेश लिहिताना त्यांना नेमके कलम लागते. या अधिनियमाच्या कलम 2 मधील व्याख्येनुसार वाजवी सोय (दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने वावरता यावे म्हणून केलेला आवश्यक, योग्य बदल) नाकारणे हादेखील भेदभावच ठरतो.

विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग हा सर्वोच्च न्यायालयाचा 2021 चा निकाल मुळातून वाचा, केवळ सारांशावर थांबू नका (ही खोड मलाही होती). परीक्षेत लेखनिक मिळण्याचा हक्क किमान 40 टक्के दिव्यांगत्व असणाऱ्यांपुरता मर्यादित ठेवता येत नाही, असे त्यात ठरले. आणि कोणती सोय योग्य हे संबंधित व्यक्तीशी विचारविनिमय करून ठरवावे, यावरही न्यायालयाने भर दिला.

म्हणूनच अशिलाने कोणती सोय, कोणत्या तारखेला, लेखी मागितली आणि मालकाने काय उत्तर दिले, हा पत्रव्यवहार अर्जाला आधी जोडा. ‘ही सोय दिली तर आमच्यावर अवाजवी भार पडतो’ हा मालकाचा बचाव बहुधा येईलच. तेव्हा खर्चाचा तपशील मागा.