घरी केलेली बिअर गढूळच राहते. जिलेटिन न वापरता, कापडातून गाळून निवळेल का?

कापडातून गाळू नका. फडक्यापायी माझी 20 लिटर बिअर वाया गेली आहे आणि दादाशी आजही त्यावरून वाजतं, म्हणून लिहायला बसलो.

गेल्या मे महिन्यात फोंड्याच्या घरी पेल एल केली होती. बाटल्या भरायच्या आदल्या दिवशी एक ग्लास काढून फ्रीजमध्ये ठेवला. रात्री बाहेर काढला तर धुरकट. दादाच्या हातात हुर्राक, म्हणजे काजूची दारू, होती. म्हणाला, ‘‘ही बघ कशी पाण्यासारखी निवळ, आणि तुझं हे ताक. खराब झालीय.’’ अहो, हुर्राक भाटीतून वाफ होऊन येते, तिच्यात प्रोटीन येणार कुठून? बिअरमध्ये माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) प्रोटीन आणि माल्ट-हॉप्सची (हॉप्स म्हणजे कडवटपणा देणारी फुलं) पॉलिफेनॉल्स, म्हणजे तुरट द्रव्यं, असतात. थंडीत ती एकमेकांना धरतात, ऊब मिळाली की सुटतात. तोच ग्लास अर्धा तास टेबलावर राहिला, तर त्यातून भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे दिसायला लागले. पण तोवर दादा झोपायला गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना त्याने सगळा फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) धुतलेल्या मलमलीतून टोपात गाळला. चांगल्या मनाने केलं, मान्य. पण यीस्टची पेशी 5 ते 10 मायक्रॉनची, कापडाची भोकं त्याहून कितीतरी मोठी. गाळ गेला नाही, हवा मात्र भरपूर मिसळली. तीन आठवड्यांनी बाटली उघडली तर ओल्या पुठ्ठ्याचा वास. आणि गढूळ ती गढूळच!

चूक माझीही होती, पण ती वेगळी. मे महिन्यात टाकीतलं पाणीच कोमट असतं. त्यावर थंड करायची कॉइल चालवली तर वर्ट (माल्टचा उकळलेला, अजून न आंबलेला रस) रेंगाळत थंड होतो आणि प्रोटीन नीट खाली बसत नाही. आता मी बर्फाची लादी फोडून टबात टाकतो, कॉइलमधून ते बर्फाचं पाणी पंपाने फिरवतो. उकळीच्या शेवटच्या 10-15 मिनिटांत आयरिश मॉस घालतो. ते समुद्री शेवाळ आहे, म्हणजे तुमची जिलेटिनची अडचणही सुटली. मग आंबून झालं की फ्रीजचे कप्पे काढून फर्मेंटर तीन-चार दिवस आत. त्याआधी एअरलॉकमधलं (झाकणावरच्या, गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीतलं) पाणी काढा, नाहीतर थंड होताना ते आत ओढलं जातं.

ग्लास बाहेर ठेवूनही निवळला नाही, तर चमचाभर बिअर बशीत घेऊन त्यावर आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर स्टार्च उरलाय. मग बर्फ, शेवाळ कशाचाच उपयोग नाही. पुढच्या वेळी मॅश (गरम पाण्यात भिजवलेला माल्ट) 65-67 अंश सेल्सिअसवर पूर्ण तासभर धरा. बशीतलं फेकून द्या, पिऊ नका.

तुरटी फिरवायचा सल्लाही कुणीतरी देईल. दादाने दिला होता. पिण्याच्या पाण्याला ठीक आहे, बिअर तोंडात तुरट लागेल.

आणि हो, हे आधीच विचारायला हवं होतं: गव्हाची बिअर केली आहे का? तसं असेल तर काहीच करू नका, ती बहुतेक गढूळच असते.