कपाचा कान का सुटतो?

प्रश्न : मी घरी चहाचे कप करते. लावताना कान घट्ट बसतो, पण २ दिवसांनी सांध्यावर चीर दिसते. माती बदलू का?

उत्तर : माती नको, वेळ बदला. तुमचा कप बहुधा सुकत आलेला असतो आणि कान ओलागच्च. माती सुकताना आक्रसते. कपाचं आक्रसणं झालेलं, कानाचं अजून बाकी. मग सांधा फाटणारच. कपावर नखाची खूण उमटते पण बोटाने तो दबत नाही, अशा वेळी कान लावा.

मी कान ओढून करते. मातीचं गाजर डाव्या हातात धरायचं, उजवा हात पाण्यात बुडवून गाईची धार काढावी तसा खाली ओढत न्यायचा. (माझे पहिले वीसेक हातातच तुटले!) पट्टी वाकवून ठेवायची, कपाइतकी कडक होऊ द्यायची. मग दोन्हीकडे जुन्या काट्याने ओरखडे, त्याच मातीचा दह्याएवढा दाट चिखल, आणि कपाच्या आतून बोटाचा आधार देऊन दाबायचं. वरून प्लास्टिकची पिशवी, २ दिवस.

आणि हो, भट्टीतून निघेपर्यंत कप कानाला धरून उचलू नका.