क्यूवरचे नाव आणि क्यूचा काळ

एखाद्या क्यू (पूल-बिलियर्ड्स खेळण्याची काठी) बनवणाऱ्याचा दर्जा पूर्वीसारखा राहिला आहे का, हा प्रश्न रास्त आहे. मात्र केवळ नावावरून त्याचे उत्तर मिळत नाही, कारण नाव तेच राहते आणि काम करणारे हात बदलतात. न्यूयॉर्कचे क्यू कारागीर जॉर्ज बालाबुश्का १९७५ मध्ये वारले, आणि पुढे त्यांच्या नावाचे क्यू परवाना घेऊन कारखान्यात तयार होऊ लागले. ते वाईट होते असे नव्हे, पण ते त्यांच्या हातचे नव्हते. म्हणून किंमत विचारण्याआधी क्यू कोणत्या काळातला आहे, हे विचारावे.

१९९० च्या दशकापासून पांढरा चेंडू कमी भरकटवणाऱ्या शाफ्टचा (क्यूच्या पुढच्या निमुळत्या भागाचा) प्रसार झाला आणि अलीकडे कार्बन फायबरही आले; त्यामुळे जुन्या मेपल लाकडाच्या शाफ्टवर हात बसलेला खेळाडू नव्या क्यूला नावे ठेवतो, तेव्हा तो बहुधा दर्जाविषयी नव्हे, तर सवयीविषयी बोलत असतो.

नागपुरात सदर किंवा धरमपेठेत वापरलेला क्यू पाहायला गेलात, तर क्यूच्या दोन भागांचा जोड आवळल्यावर फट राहते का आणि फेरूलला (टोकाजवळच्या कड्याला) तडा आहे का, हे तपासावे. बाक दिसल्यास लगेच कारागिराला दोष देऊ नये: नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, पाठोपाठ पावसाळी दमट हवा येते, आणि गाडीच्या डिकीत पडून राहिलेले उत्तम लाकूडही त्यात वाकते. बाक कोणत्या भागात आहे हे कळण्यासाठी शाफ्ट आणि बट (मागचा जाड भाग) स्वतंत्रपणे टेबलावर लोटून पाहावेत.