आर्किटेक्चरच्या कॉलेजात रात्री खर्ची पडतात कुठे?

प्रश्न : माझी चित्रकला यथातथाच आहे. आर्किटेक्चरला निभाव लागेल का?

उत्तर : लागेल. इथे चित्रकाराच्या हातापेक्षा मोजमापाचा हात जास्त लागतो. प्लॅन म्हणजे जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर इमारत आडवी कापली आणि वरून पाहिली तर जे दिसेल ते. कापलेली भिंत ०.५ मि.मी.च्या जाड रेषेने, खाली दिसणारं फर्निचर ०.२५ने आणि फरशीचे सांधे ०.१ने काढायचे. सगळ्या रेषा एकाच जाडीच्या काढल्या, तर भिंत कुठली आणि टेबल कुठलं हे चार पावलांवरून ओळखू येत नाही. पहिल्या सेमिस्टरला सर्वांत जास्त शेरे याच चुकीवर येतात. सवय आतापासूनच लावा. खोलीतली एक वस्तू घ्या, तिची लांबी-रुंदी आधी नजरेने सांगा, मग टेपने मोजा आणि १:२० स्केलमध्ये, म्हणजे खऱ्या मापाच्या विसाव्या भागाइतकी, काढा. महिनाभर हे केलंत तर दाराची रुंदी किंवा खुर्चीच्या बैठकीची उंची सांगताना अडखळणार नाही.

प्रश्न : मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. सबमिशन आलं की रात्र-रात्र जागते. काम खरंच इतकं असतं, की तिचं नियोजन चुकतं?

उत्तर : काम खरंच खूप असतं, त्याबद्दल तिला बोल लावू नका. पण जागरणातला मोठा वाटा नव्या कामाचा नसून दुरुस्तीचा असतो, आणि दुरुस्ती बहुतेकदा आकडे उशिरा तपासल्यामुळे करावी लागते.

जिन्याचंच घ्या. मुलं प्लॅनमध्ये ३ मीटर बाय २ मीटरचा चौकोन आखतात, त्यावर ‘जिना’ लिहितात आणि पुढे जातात. आता हिशेब करा. मजल्याची उंची ३ मीटर, एका पायरीची उंची १५ से.मी., म्हणजे २० चढ. मध्ये वळण घेऊन दोन टप्पे केले की प्रत्येकात १० चढ आणि पाऊल ठेवायला ९ पायऱ्या. पायरी ३० से.मी. रुंद धरली तर २.७ मीटर. वळणाची जागा १.२ मीटर, खाली पोचल्यावर उभं राहायला आणखी तेवढीच. एकूण लांबी ५.१ मीटर. दोन टप्प्यांची रुंदी २.४ मीटर. जिना त्या चौकोनात मावतच नाही. पायरी उंच आणि अरुंद करून तो कोंबता येतो, पण उंचीची दुप्पट अधिक रुंदी ६० ते ६४ से.मी.च्या आसपास राहिली नाही, तर चढताना पाऊल चुकतं. हे सबमिशनच्या तीन दिवस आधी लक्षात आलं, तर जिना शेजारच्या खोलीत घुसतो, वरच्या मजल्याची भिंत सरकते, सेक्शन (इमारत उभी कापून दिसणारं चित्र) नव्याने काढावा लागतो, एलिव्हेशनमधल्या (बाहेरून समोर दिसणाऱ्या चित्रातल्या) खिडक्या हलतात. दोन रात्री गेल्याच. म्हणून जिना, टॉयलेट आणि खांब यांची मापं पहिल्या आठवड्यातच घाला.

मॉडेलचंही तसंच. १:१०० स्केलला २ मि.मी.चा बोर्ड म्हणजे २० से.मी.ची भिंत. कोपऱ्यावर दोन भिंती मिळतात तिथे एका जोडीची लांबी दोन्ही टोकांना २ मि.मी.ने कमी करावी लागते. हे विसरलं की खोली एका बाजूने ४ मि.मी. वाढते आणि आधीच कापून ठेवलेलं छत बसत नाही. बोर्ड एका दणक्यात कापू नये. स्टीलची पट्टी धरून कटरचे तीन-चार हलके हात मारावेत. कड फाटू लागली की पातं मोडून नवं टोक घ्यावं, कारण बोथट पात्यावर जोर लावतानाच बोटं कापतात, आणि झोप झालेली नसली की जास्तच. पांढरा गोंद पातळ लावा, भरपूर लावला तर बोर्ड वाकतो. थर्माकोलला सॉल्व्हंटचा गोंद लावू नका, थर्माकोल विरघळतो.

प्रिंट आदल्या दिवशी काढा. ‘फिट टू पेज’ चालू राहिलं की स्केल बिघडतं. प्रत्येक शीटवर ५ मीटरची स्केलपट्टी काढलेली असावी. १:१०० ला ती कागदावर ५ से.मी. भरते का, हे फूटपट्टी लावून पाहा.

आणि सबमिशनच्या सात दिवस आधी डिझाइन बदलणं बंद. त्यानंतर सुचलेली चांगली कल्पनासुद्धा वहीतच राहू द्या.

प्रश्न : ज्यूरीची, म्हणजे परीक्षकांसमोर डिझाइन मांडण्याची, धास्ती वाटते. तिथे नेमकं काय होतं?

उत्तर : शीट भिंतीवर लावायच्या, पाच-दहा मिनिटांत डिझाइन समजावायचं, मग प्रश्न. बहुतेक मुलं कल्पनेच्या वर्णनातच निम्मा वेळ घालवतात, तोवर ज्यूरर सेक्शन वाचून मोकळा झालेला असतो. उत्तर दिशा, प्रवेश, माणूस आत कसा फिरतो, उजेड कुठून येतो, हे आधी सांगा. शेरे लिहून घ्यायचं काम मित्राला द्या. उभं राहून बोलताना निम्मं ऐकू येत नाही. टीका रेखाटनावर असेल तर ती कितीही कडक असो, उपयोगी असते. मात्र शीट फाडणं, मॉडेल मोडणं किंवा विद्यार्थ्याला अपमानास्पद बोलणं म्हणजे शिकवणं नव्हे. तसं झालं तर वर्गशिक्षकांना लेखी कळवा.

प्रश्न : गणित किती लागतं?

उत्तर : आकडेमोड थोडी, समज जास्त. दोन टोकांवर टेकलेल्या तुळईवर मीटरमागे भार तोच ठेवून पल्ला (दोन आधारांमधलं अंतर) दुप्पट केला, तर तिला वाकवणारा मोमेंट चौपट होतो आणि तुळई तीच राहिली तर झोळ सोळापट. काँक्रीटच्या तुळईची उंची ढोबळमानाने पल्ल्याच्या बाराव्या ते पंधराव्या भागाइतकी धरतात. ६ मीटरला ४० ते ५० से.मी., १२ मीटरला ८० ते १०० से.मी. हॉलमधला खांब खोडून पल्ला ६ चा १२ मीटर केलात आणि मजला ३ मीटरचाच ठेवलात, तर तुळईखाली दोन-सव्वादोन मीटर उरतात. प्लॅनमध्ये हे दिसत नाही, म्हणून खांब खोडण्याआधी सेक्शन काढा.