वाचकांचे प्रश्न : बेलोरा ते बिरसी, हवाई अंतर किती?

प्रश्न : अमरावतीचा बेलोरा आणि गोंदियाचा बिरसी या विमानतळांमध्ये सरळ अंतर किती? मोबाइलवर एकीकडे २७८ दिसतं, दुसरीकडे १५०. खरं कोणतं, आणि विमानाला वेळ किती लागेल?
– एक वाचक, तिवसा (जि. अमरावती)

उत्तर : दोन्ही खरे. २७८ हे किलोमीटर आहेत, १५० हे सागरी मैल. वैमानिक सागरी मैलांतच मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

हे अंतर दहावीच्या पायथागोरसनं वहीतही निघतं. बेलोरा साधारण २०.८१ उत्तर, ७७.७२ पूर्व, बिरसी २१.५३ उत्तर, ८०.२९ पूर्व. अक्षांशांतला फरक ०.७२ अंश, गुणिले १११ (एक अंश साधारण १११ किलोमीटर), म्हणजे ८० किलोमीटर. रेखांशांतला फरक २.५७ अंश. इथे मात्र १११ नं गुणायचं नाही. रेखावृत्तं ध्रुवांकडे जवळ येत जातात, आपल्या अक्षांशावर एक अंश सुमारे १०४ किलोमीटरच भरतो. म्हणून २६७. दोन्हींचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ : २७८ किंवा २७९. सरसकट १११ धरलं तर उत्तर २९६ येतं, आणि बहुतेकांचं गणित इथेच बिघडतं. दुसरी चूक अंश-मिनिटांची. २० अंश ४९ मिनिटं म्हणजे २०.४९ नव्हे, २०.८२, एवढ्यानं विमानतळ छत्तीस किलोमीटर दक्षिणेला सरकतो. शाळांनी हे उदाहरण आवर्जून सोडवून घ्यावं, नकाशा कायमचा डोक्यात बसतो.

आता वेळ. लहान धावपट्ट्यांवर चालणारं एटीआर-७२ हे विमान उंचीवर गेल्यावर ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं. भागाकार ३३ मिनिटं सांगतो, पण वेळापत्रकात तेवढी कधीच दिसणार नाहीत. धावपट्टीपर्यंत जाणं, कमी वेगानं वर चढणं, उतरताना वळसा घेऊन धावपट्टीच्या रेषेत येणं, यात १५ ते २० मिनिटं जातात. पन्नास मिनिटांच्या आसपास धरा. अंतर जितकं कमी, तितका हा वरचा वेळ हिशेबात जड जातो.

प्रश्न : जाण्यायेण्याच्या वेळेत फरक का पडतो?
– एक वाचक, देवरी (जि. गोंदिया)

उत्तर : वाऱ्यामुळे. हिवाळ्यात आपल्याकडे वरच्या हवेत वारे पश्चिमेकडून वाहतात. ताशी ४० किलोमीटरचा वारा पाठीशी असेल तर पूर्वेकडे जाताना ३१ मिनिटं, परतताना समोरून आला तर ३६. एवढ्या छोट्या पल्ल्यात फरक पाचच मिनिटांचा; मुंबईपर्यंत गेलात तर तो वाढतो.

दोन्ही प्रश्नकर्त्यांसाठी एक : हे गणित सरळ उड्डाणाचं आहे. बेलोरा-बिरसी थेट प्रवासी विमान नाही. प्रत्यक्ष जायचं असेल तर बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेस किंवा महाराष्ट्र एक्सप्रेस पकडा, दोन्ही थेट गोंदियाला जातात.